ओढ्याचं पाणी तपासायचं: किट घ्यावं की जाळी?

घणसोलीच्या मित्राचा फोन आला. गवळीदेवाच्या डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यावर सोसायटीतली पोरं घेऊन पावसाळाभर नजर ठेवायची आहे, तर पैसे पाण्यातली रसायनं मोजायच्या टेस्ट किटवर घालू की पाण्यातले किडे पकडायच्या जाळीवर? पीएच म्हणजे काय, ऑक्सिजन का मोजतात, हे त्याला ठाऊक आहे आणि तुम्हालाही असणार. तो भाग सोडतो. ठाण्याला येऊरच्या बाजूला आम्ही दोन पावसाळे दोन्ही वापरून पाहिलं, त्यावरून काय ते सांगतो. (रीतसर परवानगी काढून, हेही सांगतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन विभागाला न विचारता ओढ्यात जाळी घालायची नसते.)

किटची मोठी सोय म्हणजे पहिल्याच दिवशी आकडा हातात पडतो. पोरांना आकडा आवडतो, पालकांना त्याहून जास्त. तक्रारीच्या अर्जात ‘पाण्याला वास येतो’ यापेक्षा ‘अमोनिया इतका’ हे वजनदार दिसतं, जरी पुढे कोणीतरी प्रयोगशाळेचाच अहवाल मागणार असलं तरी. सांडपाणी आज सकाळीच मिसळायला लागलं असेल, तर ते अमोनियाची बाटली आजच दाखवते. हे श्रेय किटला द्यायलाच हवं.

ऑक्सिजनची चाचणी बघायला तर जादूच. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये काढलेली पद्धत आजही या छोट्या बाटल्यांत चालते. पाण्यात तपकिरी साका धरतो, आम्ल घातलं की तो विरघळून पाणी पिवळं होतं, स्टार्चने निळं, मग थेंब मोजत मोजत रंग उडवायचा. पण डोंगरउतारावर दगडांवर आपटत येणारं पाणी हवेतून ऑक्सिजन ओढतच असतं. वरच्या अंगाला कोणी गोधड्या धूत असलं तरी आमचा आकडा लिटरमागे सात-साडेसात मिलिग्रॅमच्या खाली फारसा आला नाही.

शिवाय आमच्या किटची पुस्तिका थंड प्रदेशातल्या, ट्राउट माशांच्या ओढ्यांसाठी लिहिलेली. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पाणी २५-२६ अंशांवर, तिथे आठाच्या थोडं वर गेलं की संपलं. आम्ही पहिला महिनाभर ‘उत्तम’चा रकाना का गाठत नाही म्हणून उगाच सुतकी चेहरे करून बसलो होतो.

आता माझं ज्यावरून बिनसलं ते. रंग जुळवणं. नायट्रेटची नळी हलवायची, थांबायचं, मग छापील पट्टीवरच्या गुलाबी छटांशी लावून बघायची. घरात ट्यूबलाइटखाली हे काम सोपं वाटतं. येऊरला जुलैत, वर पानांचं छप्पर, त्यावर ढग, चष्म्यावर थेंब, आणि पट्टीवरच्या दोन शेजारच्या छटांत फरक इतका बारीक की बायको म्हणते फिक्का, मी म्हणतो त्याच्या पुढचा. तडजोड म्हणून मधला आकडा लिहायचा. एका रविवारी आकडे एकदम बदलले. वर काहीतरी सोडलंय, अशी चर्चा झाली, फोटो काढून झाले, एकाने अर्जाचा मसुदाही तयार केला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की त्या दिवशी माझी नेहमीची काळी छत्री घरी राहिली होती आणि नळी मुलीच्या निळ्या छत्रीखाली धरून वाचली होती. छत्रीबाहेर धरली, तर रंग पुन्हा आपला जुनाच.

हसून सोडून देण्यासारखं आहे, मान्य. पण त्या रात्री वही उघडली तेव्हा आधीच्या नोंदींपैकी कुठली कुठल्या उजेडात घेतली हे सांगता येईना. डिजिटल मीटर घेतला असता तर हा प्रश्न आला नसता, हेही खरं. मात्र त्याची किंमत सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीशी स्पर्धा करते. आणि वापरलेलं पाणी परत आणण्याचा व्याप वेगळाच. काही नायट्रेट किटांत कॅडमियम हा विषारी धातू असतो, तो ओढ्याकाठी ओतून यायचं म्हणजे कमालच झाली.

जाळीचं काम तसं ओबडधोबड. प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी रोवायची, वरच्या बाजूचे दगड पायाने घुसळायचे, आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये उलटायचं आणि गप्प बसायचं. दोन मिनिटांत कचरा चालायला लागतो. मच्छरदाणीचं कापड वापरू नका, बारीक किडे भोकांतून सटकतात. अर्ध्या मिलिमीटरची वीण हवी. दगडाला टिकलीसारखा चिकटलेला चपटा किडा दिसला, वाळूचे कण चिकटवून घर बांधलेली कॅडिसची अळी दिसली, पोटाच्या कडेने कल्ले हलवणारी मेफ्लायची पिल्लं दिसली, की पाणी बऱ्यापैकी आहे असं समजायला हरकत नाही. नुसत्या लाल अळ्या आणि जळवा असतील तर नाही. त्या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही हेच तत्त्व आहे: किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण, जितकं नाजूक कूळ तितके जास्त.

चुका इथेही होतात. टाचणी म्हणजे चतुराच्या जातीचा सडपातळ किडा. तिच्या पिल्लालाही मेफ्लायसारख्या मागे तीन शेपट्या असतात, फक्त पानासारख्या. आम्ही दीड महिना त्यांना मेफ्लाय समजून गुण वाटत होतो. स्टोनफ्लाय नावाच्या नाजूक किड्याची अळी तर दोन पावसाळ्यांत एकदाच मिळाली. थंड ओढ्यात ती नसणं वाईट लक्षण मानतात, आपल्याकडे तिच्या गैरहजेरीवरून निकाल देऊ नये. आणि जूनमध्ये जाळी घेऊन जाण्यात अर्थ नाही. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या ओढ्यात वस्ती व्हायला काही आठवडे जावे लागतात, मोठ्या लोंढ्यानंतर पुन्हा तेच. किट तेवढ्या काळात जाळीला मागे टाकतं.

पण ट्रेमधल्या चुकीचा फोटो राहतो. टाचण्यांचा घोळ आम्ही जुने फोटो बघून निस्तरला, छत्रीचा घोळ अजून वहीत तसाच आहे. आणि किडा आठवडाभर त्याच पाण्यात राहिलेला असतो. मंगळवारी कोणी काही सोडलं आणि आम्ही रविवारी गेलो, तरी त्याच्याकडून कळतं. निदान आमच्या ओढ्यावर तसं वाटलं. तुमचा ओढा सपाटीवरचा, गटारं मिळालेला, संथ असेल तर गणित बदलेल, तिथे ऑक्सिजनचा आकडाही काहीतरी बोलेल.

मित्राला सांगितलं, दोन्ही परवडत असेल तर दोन्ही घे. एकच घ्यायचं असेल तर आधी माझ्याबरोबर एक रविवार ये आणि ट्रेपुढे बस. किट म्हणशील तर आमचंच घेऊन जा, फ्रिजच्या दारात पडलंय. अमोनियाच्या बाटलीची मुदत बघून घे, मार्चमध्ये संपली असावी. जाळी मात्र देता येणार नाही. तिची शिवण उसवली म्हणून शिंप्याकडे टाकली आहे आणि तो जुलैच्या आत देतो म्हणालाय.