कानांचा नट काढायला हातोडा घ्यावा की पाना?

जॅग्वार ई-टाइप, एमजीबी, ऑस्टिन-हीली अशा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या तारांच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. अवजार घेण्याआधी तो नट नीट बघा. त्याला दोन किंवा तीन कान, म्हणजे पंखांसारखे बाहेर आलेले भाग, असतील तर हातोडा चालतो. बिनकानाचा अष्टकोनी नट असेल तर त्याच मापाचा पाना घ्या, थेट घाव घालू नका. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून नटाच्या अशा बाहेर आलेल्या कानांवर सुरक्षेसाठी बंदी आली आणि अष्टकोनी नट रुळले.

पोलादी हातोडा गॅरेजच्या बाहेरच ठेवा. क्रोमचे टवके उडतात, कान वाकतो. रबरी हातोडा उसळतो, घट्ट बसलेला नट त्याला दाद देत नाही.

खरी निवड शिसं आणि तांबं यांत आहे. शिशाचा हातोडा अजिबात उसळत नाही, घावाचा सगळा जोर कानात उतरतो आणि क्रोम शाबूत राहतं. पण त्याचं तोंड लवकर चेपतं, आणि शिसं विषारी असल्याने काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेच लागतात. तांबं जास्त टिकतं. मात्र ठोकून ठोकून ते कडक होतं, कडा पसरतात आणि त्याच कडा नटावर खुणा उमटवतात. थोर कंपनीच्या हातोड्याला एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला कच्चं कातडं असतं, शिवाय तोंडं बदलता येतात. हातोडाच घ्यायचा तर मी हाच घेईन.

तरी नवख्या माणसाला मी लाकडी पानाच सुचवेन. जाड फळीत कानांच्या आकाराची खाच, आतून चामडं. कान खाचेत बसले की घाव चुकून मडगार्डवर किंवा तारांवर बसण्याची भीतीच उरत नाही, आणि ही भीती खरी आहे. तोटे दोन. खाच सैल असेल तर पाना निसटतो, म्हणून तो आपल्या नटाच्याच मापाचा हवा. दुसरं, हातोड्याचा घाव इतका झटक्यात बसतो की चाक फिरायच्या आत नट सुटतो. पान्याचा जोर संथ असतो, त्यामुळे जॅकवरचं चाक नटाबरोबर फिरतं. कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा.

दिशा मात्र आधी पाहा. या गाड्यांत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. वरचा कान गाडीच्या पुढच्या दिशेला नेला की नट सुटतो, दोन्ही बाजूंना. मूळ नटावर बाणही कोरलेला असतो, तो आधी पुसून बघा. बसवताना चाक जमिनीपासून उचललेलंच ठेवून आवळा, म्हणजे ते हबच्या (चाक ज्यावर चढतं त्या मधल्या भागाच्या) उतारावर सरळ बसतं, आणि थोडं अंतर चालवून पुन्हा एकदा तपासा.