चार मिराज आणि अडतीस हजार

मागच्या मे महिन्यात मी एका माणसाला दोन हप्त्यांत अडतीस हजार रुपये पाठवले. समज अशी होती की तो मला पाठवतोय. हे लिहायला मला वर्ष लागलं. घरात सौ. सोडून कुणाला खरा आकडा माहीत नव्हता, आता भाचेसुनेपर्यंत सगळ्यांना कळेल. कळू दे.

मी ग्वाल्हेरचा. शहराच्या लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजात घर, विद्युत मंडळातली नोकरी करून निवृत्त. छंद एकच, लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती करायच्या. प्लास्टिकचं किट आणायचं, तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हे वेड इथल्या हवेतलंच आहे. 1985 मध्ये मिराज 2000 ही लढाऊ विमानं इथल्या महाराजपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावर आली तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आई गच्चीवर पापड वाळत घालत असायची, वरून विमान गेलं की हात कपाळाशी नेऊन बघत राहायची आणि म्हणायची, "आवाज आधी ऐकू येतो की विमान आधी दिसतं, तेच कळत नाही मेलं." पुढे 24 जून 1999 ला टायगर हिलवर लेझरनं नेम धरलेले बॉम्ब पडले ते याच मिराजांचे, आणि 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोटला गेलेली मिराजही इथूनच उडाली. गणवेशातला माणूस दिसला की आमच्याकडे चहाचं आधण आपोआप वाढतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण फसलो ते इथंच.

कपाटं भरली होती. सौ.नं सांगितलं की फ्रिजवर आणखी एक विमान उतरलं तर ती फ्रिजच विकेल. म्हणून मी जुन्या-नव्या वस्तू विकायच्या एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली. एका मिराजचे चार फोटो, किंमत 9,500 रुपये, पत्ता फक्त 'ग्वाल्हेर' आणि माझा मोबाईल.

साडेनऊ हजार ऐकून लोक दचकतात. 1/48 मापातली, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढी मिराज, नाकापासून शेपटीपर्यंत साधारण 30 सेंटिमीटर, पंखांची रुंदी 19. बाहेरून मागवलेलं किट, रंग, डिकल (विमानावर चिकटवायच्या खुणा-आकडे) हे सगळं धरलं तर त्यातले निम्म्याहून जास्त पैसे आधीच गेलेले असतात. उरलेले म्हणजे माझ्या दीड महिन्याच्या संध्याकाळी. आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारायच्या पेनाच्या, सुईच्या टोकावरच अ‍ॅक्रिलिक रंग सुकतो. दर दोन मिनिटांनी टोक पुसायचं, रंगात सुकणं लांबवणारं औषध दोन थेंब टाकायचं, पंखा बंद ठेवायचा, कारण पंख्यानं धूळ उडते. घाम कोपरावरून पंखावर टपकू नये म्हणून मी मनगटाला जुना पंचा बांधतो.

आणि खरं काम त्यानंतर. नवंकोरं रंगवलेलं विमान खेळणं दिसतं. ते वापरातलं दिसायला हवं. याला वेदरिंग म्हणतात, मी घरात 'मळवणं' म्हणतो. आधी चकचकीत वार्निशचा थर, त्यावर डिकल, मग पातळ केलेला गडद तैलरंग पत्र्यांच्या जोडांच्या रेघांत सोडायचा आणि जास्तीचा पुसून काढायचा, शेवटी मॅट वार्निश. नवशिका सगळीकडे सारखी घाण करतो. विमान असं मळत नाही. जिथं तंत्रज्ञाचा हात रोज लागतो, बूट पडतो, जिथून तेल पाझरतं, तिथंच ते मळतं, आणि उडताना ओघळ मागे जातो तर उभं असताना खाली. मिराजसारख्या निगुतीनं ठेवलेल्या विमानावर रंगाचे पोपडे काढून ठेवले तर जाणकार हसतो. अशा बारकाव्यांवर मी तासन्‌तास घालवतो. हे ध्यानात ठेवा, पुढे तुम्हाला माझं हसू येईल.

जाहिरात टाकून तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "जय हिंद सर. मैं स्क्वाड्रन लीडर बोल रहा हूँ, महाराजपुरा से." आवाज स्वच्छ, घाई नाही. त्यांच्या साहेबांचा निरोप समारंभ आहे, स्मृतिचिन्हं म्हणून चार मिराज हव्यात. मी विचारलं, माप 48 चं की 72 चं? "जो बड़ा हो, सर." रंग? "जो ओरिजिनल होता है." एकूण किती? मी म्हटलं, चारांचे अडतीस हजार. "ठीक है सर, हाफ एडवांस अभी कर देते हैं."

इथंच कान टवकारायला हवे होते. ग्वाल्हेरात माझा सख्खा मेहुणाही भाव केल्याशिवाय गजक घेत नाही, आणि हा माणूस एका दमात अडतीस हजार कबूल करतो. पण मला उलटंच वाटलं. वाटलं, शेवटी कुणाला तरी कामाची किंमत कळली.

खात्री पटावी म्हणून त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचा फोटो पाठवला, निळ्या गणवेशातला तरुण, हसरा. आणि 'ऐसा चाहिए' म्हणून एका विमानाचा फोटो. त्या विमानाला नाकामागे, कॉकपिटच्या बाजूला, दोन छोटे पंख होते. मिराज 2000 ला असे पंख नसतात. ती त्रिकोणी पंखांची, मागे आडवी शेपटी नाही, पुढे काही नाही. पुढचे छोटे पंख राफेलला असतात. फोटो राफेलचा होता, तोही परदेशी चिन्हांचा.

ग्वाल्हेरच्या मिराज तळावरचा अधिकारी राफेलला मिराज म्हणतो! आणि मी काय केलं? त्याला पाच ओळींचा खुलासा लिहून पाठवला. दोन्ही विमानं दासो कंपनीचीच, पण राफेल आपल्याकडे 2020 च्या जुलैत अंबाल्याला आली, आपल्या तळावरची ती मिराज, वगैरे. त्यानं अंगठा पाठवला. मी मनाशी म्हटलं, प्रशासन शाखेत असेल बिचारा, आणि किती नम्र! त्याची चूक मला दिसली, मी ती सुधारूनही दिली, आणि पुढे चाललो. त्याच संध्याकाळी, एक रुपया हातात नसताना, आणखी तीन किटं मागवली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला पैशांचा फोन. लाइनवर आता दोघे, एक हे साहेब, दुसरा 'अकाउंट्स सेक्शन'वाला. दुसरा म्हणाला की सैन्याच्या खात्यातून पैसे सरळ जात नाहीत, उलटी पद्धत असते. आधी व्यापाऱ्याच्या खात्यातून नोंद व्हावी लागते, मग दुप्पट परत येतात. त्यानं क्यूआर पाठवला. "पाँच रुपये डालके देखिए सर." मी टाकले. अर्ध्या मिनिटात दहा रुपये आले. खरोखर आले, बँकेचा मेसेज आला.

त्या दहा रुपयांनी माझं डोकं बंद केलं. त्या माणसाची एकूण गुंतवणूक पाच रुपये.

मग दुसरा क्यूआर, त्यात रक्कम आधीच भरलेली, 19,000. स्क्रीनवर वर कुठल्याशा 'ट्रेडर्स'चं नाव. विचारलं तर "वो हमारा कॉन्ट्रैक्टर है सर, उसी के थ्रू होता है." फोन कानाला, स्पीकर चालू, एकजण सारखा बोलतोय, "फोन काटना मत सर, चार बजे अकाउंट्स बंद हो जाएगा." मी पिन टाकला. गेले. परत काही आलं नाही. "अरे सर, एंट्री आधी अटक गई. वही अमाउंट एक बार और डालिए, दोनों मिलाके एकदम रिलीज होगा." घड्याळात चारला नऊ मिनिटं कमी. पुन्हा पिन टाकला.

तिसऱ्या क्यूआरला रक्कम 25,000 होती. मी अंगठा फिरवत असताना सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ती सणासुदीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते, पैसे मोबाईलवर येतात. तिनं स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "अहो, माझ्या पोळ्यांचे पैसे येतात तेव्हा मी कधी पिन टाकते का?"

फोनवरचा आवाज तिलाही ऐकू येत होता. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "कौन बोल रहे हैं?" पलीकडून कट. पुन्हा लावला तर बंद.

सगळं शास्त्र तिच्या त्या एका प्रश्नात आहे. पैसे येताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. स्कॅन करणारा आणि पिन टाकणारा नेहमी देणारा असतो. उलटी पद्धत, सैन्याचं खातं, नोंद, रिलीज असलं काही नसतं.

यापेक्षा मोठी चूक मी पुढे केली. गप्प बसलो. लाज वाटली. जेवलो नाही, रात्री बारीक कामाला डोक्याला लावतो ते भिंग लावून बसलो आणि मोबाईलवर त्या ओळखपत्राचा फोटो मोठा करून बघितला. खांद्यावर तीन सारख्या रुंद पट्ट्या. ती विंग कमांडरची खूण. स्क्वाड्रन लीडरच्या दोन रुंद पट्ट्यांमध्ये एक बारीक असते. मी 48 मापातल्या वैमानिकांच्या खांद्यांवर तीन शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक ब्रशनं या पट्ट्या रंगवतो! कुणा बिचाऱ्या खऱ्या अधिकाऱ्याचा फोटो उचलून त्यावर हवं ते नाव आणि हुद्दा छापला होता.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे वीस तासांनी. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारलं: कुठली बँक, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, आधी लिहून ठेवा, फोनवर शोधत बसू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. माझे पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर पडले होते. वाटेतल्या एका खात्यात 7,400 रुपये गोठवता आले. सायबर सेलमधल्या हवालदारानं विचारलं, "कल ही क्यों नहीं किया?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या तासात फोन केला असता तर कदाचित बरेच अडकले असते. त्यानं सांगितलं की सोफा विकणारे, डबे देणाऱ्या बाई, खोली भाड्यानं देणारे, सगळ्यांना हाच 'साहेब' भेटतो. माल कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मग कळलं की मापाच्या प्रश्नाला 'जो बड़ा हो' का आलं. सोफ्यालाही तेच उत्तर चालतं.

आमच्या गल्लीत हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि एवढंच विचारलं, "अरे, तळ इथून दहा-बारा किलोमीटरवर. अडतीस हजारांची वस्तू घेणारा माणूस एकदा बघायला आला नाही?" मी म्हटलं, नाही काका. "तू बोलावलंस?" तेही नाही. मी बोलावलंच नव्हतं. घर आवरलेलं नव्हतं म्हणून.

आता जाहिरातीत पहिली ओळ आहे: वस्तू घरी येऊन बघावी, पैसे रोख किंवा समोर उभं राहून. गिऱ्हाईक कमी झालं, फ्रिजचा प्रश्न तसाच आहे. त्या तीन किटांपैकी एक उघडलं आहे, दोन खोकी पलंगाखाली.

मागच्या नोव्हेंबरात दुसऱ्याच नंबरावरून फोन आला. "जय हिंद सर, महाराजपुरा से." सौ. समोरच भाजी निवडत होती, मी स्पीकर लावला. म्हटलं, साहब, मिराज के आगेवाले दो छोटे पंख लगाऊँ या रहने दूँ?

"हाँ हाँ सर, ज़रूर लगाइए. एकदम ओरिजिनल होना चाहिए."

नंबर जुन्या तक्रारीला जोडून दिला.