ककून कोट: पट्टा सोडला तेव्हा जमला

पहिल्या दिवशी हा कोट घालून खोलीबाहेर आले तर धाकटी बहीण म्हणाली, "ताई, आत तूच आहेस ना?" प्रश्न रास्त होता. खांदे ओघळलेले, कंबर बेपत्ता, नितंबांपाशी फुगारा आणि गुडघ्याच्या जरा वर घेर पुन्हा आत वळलेला. ककून म्हणजे रेशीमकिड्याचा कोश, नाव काही उगाच पडलेलं नाही. आता पाच महिने वापरून झालेत, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक पट्ट्याची. कंबर दिसावी म्हणून मी वरून पट्टा आवळायचे. पाठीवर चुण्या आणि पोटावर बोचकं. या कोटाचा आकार अंग आणि कापड यांच्यामधल्या पोकळीत असतो. ती पोकळी दाबली की नुसतं ढगळं कापड उरतं. १९४७ साली फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिओरने कंबर आवळून घेराचे झगे गाजवले, तेव्हा स्पॅनिश डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा पिंपासारख्या गोल पाठीकडे वळला होता. मी बालेन्सियागाच्या वळणाचा कोट आणून त्यावर डिओरची कंबर बसवत होते.

मापाचंही तसंच. ढगळच हवाय तर एक माप मोठं घेऊ, असं वाटतं. घेऊ नका. माझा पहिला कोट त्यामुळेच बदलावा लागला. नुसता ओव्हरसाइज कोट वरपासून खालपर्यंत सरळ पडतो. इथे बाजूची शिवण वळणदार असते, म्हणून फुगवटा ठरल्या उंचीवर बसायला हवा. एक माप मोठा घेतला तर तो मांडीवर उतरतो आणि माणूस बुटकं दिसतं. कापड बघताना मुठीत चुरगाळून सोडा. माझा दाट, दाबलेल्या लोकरीचा आहे, त्यामुळे गोलाई उभी राहते. लुळ्या कापडाचा ककून मला तरी पोत्यासारखा दिसतो.

खाली निमुळती पँट किंवा सरळ स्कर्ट, आणि घोटे थोडे दिसतील असे बूट. घेरदार स्कर्ट मात्र नाही, तो कोटाच्या अरुंद तोंडातून झालरीसारखा बाहेर येतो. स्कार्फ पातळ आणि कॉलरच्या आत. तिरकी अडकवायची पर्स मला सोडावी लागली, पट्टा छातीवरून गेला की कोट दोन भागांत विभागतो. आता छोट्या मुठीची बॅग हातात धरते आणि एक हात कायम अडकलेला असतो. याची सवय अजून झालेली नाही.

बाकी तक्रारी: बाही वेगळी न जोडता कोटाच्या अंगातच कापलेली असल्याने हात वर केला की अख्खा कोट वर चढतो. वर धरायला दांडी असलेल्या बसमध्ये उभं राहून बघा, कळेल. बसताना खालचं बटण सोडावंच लागतं. उब मात्र भरपूर. आत जाड स्वेटर मावतो आणि काखेत आवळत नाही. बॅग घासते त्या बाजूला लोकरीचे गोळे आले, ते ब्रशने निघाले. बारीक तारेच्या हँगरने मात्र उतरत्या खांद्यांवर दोन शिंगं आणली. वाफ देऊन एक बसलं, दुसरं अजून आहे.