गच्चीवरचा टॉवर: तक्रार वॉर्ड ऑफिसात की दूरसंचार विभागाकडे?

समोरच्या गच्चीवर अँटेना चढताना दिसल्या की मुंबईत पहिला अर्ज जातो वॉर्ड ऑफिसात. तुमची हरकत किरणोत्सर्गाची असेल, तर माझ्या मते तिथे महिने वाया घालवू नका.

किरणोत्सर्गाची मर्यादा ठरवणं आणि तपासणं हे केंद्राच्या दूरसंचार विभागाचं काम. 1 सप्टेंबर 2012 पासून देशात आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू झाली. 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे 0.45 वॉट. विभागाच्या 2013 च्या सूचनांनुसार या कारणासाठी त्यांच्या संमतीशिवाय टॉवर सील करू नये, वीजही तोडू नये. वॉर्ड अधिकाऱ्याला तुमचं म्हणणं पटलं तरी त्याचे हात बांधलेले असतात. त्यापेक्षा दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर 4000 रुपये भरून मोजणी मागवा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर जिवाला लागलेला घोर मी समजू शकतो, आणि निदान आकडा हातात येतो. आकडा मर्यादेत निघाला तर मात्र हा रस्ता तिथेच संपतो. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीनं आरोग्याच्या कारणावरून टॉवरला केलेला विरोध 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही.

पालिकेची खरी ताकद इमारतीच्या बाबतीत आहे. केंद्राच्या 2022 च्या नियमदुरुस्तीनं खासगी इमारतीवरच्या टॉवरला आगाऊ परवानगीची अट काढली. पण कंपनीनं लेखी कळवणं आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला देणं सुटलेलं नाही. तो दाखला नसेल किंवा काम बेकायदा असेल, तर वॉर्ड ऑफिसचंच दार ठोठवा. पालिका कायद्याच्या कलम 354अ खाली चालू काम थांबवता येतं, म्हणून खांब उभा राहण्याआधी फोटो आणि तारखेसह अर्ज द्या. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत हा मुद्दा किरणोत्सर्गापेक्षा कितीतरी गंभीर आहे. 30 वर्षांवरच्या इमारतीला कलम 353ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. गच्चीवर जनरेटर आणि लोखंडी सांगाडा चढणार असेल तर तो अहवाल मागितल्याशिवाय राहू नका.

गच्ची तुमच्याच सोसायटीची असेल तर या दोन्ही दारांआधी सर्वसाधारण सभा येते. पालिकेच्या 2013 च्या धोरणात 70 टक्के सभासदांची आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांची संमती अपेक्षित होती. कमिटीनं परस्पर करार केला असेल तर तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करा. गच्ची शेजारच्यांची असेल तर तुम्हाला मत नाही. तिथे पालिकेकडे दाखल झालेली कागदपत्रं माहिती अधिकारात मागवा, आणि अँटेनाचा रोख थेट तुमच्या खिडकीकडे असेल तर अंतर मोजा: एका अँटेनासाठी 20 मीटर, चारसाठी 45. ते कमी भरलं तर दूरसंचार विभागाकडे जाताना तुमच्या हातात नुसत्या भीतीपेक्षा ठोस काहीतरी असेल.