महागडा गेमिंग सेटअप: भरपूर वापरानंतर काय टिकलं, काय झिजलं

वायरलेस माऊस, मेकॅनिकल कीबोर्ड, हेडसेट आणि वरच्या श्रेणीतला गेमिंग लॅपटॉप असा पूर्ण संच वर्षभराहून जास्त काळ रोज वापरल्यावर मत बनलं ते असं: जादा पैसे वेगासाठी मोजले जातात, टिकाऊपणा त्यात आपोआप येत नाही. सेन्सर, ग्राफिक्स चिप, डिस्प्ले या महागड्या गोष्टी सहसा ठणठणीत राहतात. कुरकुर करतात ते स्वस्त, हलणारे किंवा तापणारे भाग: क्लिकचा स्विच, चाकाचा एन्कोडर (चाक किती फिरलं हे मोजणारा भाग), कानाच्या गाद्या, बिजागरीचे आटे, चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट, बॅटरी. आणि यातले बरेच भाग मधल्या किमतीच्या मॉडेलांतही तेच असतात. त्यामुळे वस्तू किती वेगवान आहे हे पाहताना ती उघडते का आणि सुटा भाग मिळतो का, हेही तितकंच बघावं.

सगळ्यांत आधी दगा देतो तो माऊस. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होतं, किंवा फाइल ओढताना ती मध्येच सुटते. स्विचच्या आत तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ पातं असतं. बटण दाबलं की ते संपर्कबिंदूवर आपटतं आणि क्षणभर थरथरतं. या थरथरीचे वेगळे क्लिक धरले जाऊ नयेत म्हणून फर्मवेअर (माऊसच्या आतला प्रोग्राम) काही मिलिसेकंद तिकडे दुर्लक्ष करतं; याला डिबाउन्स म्हणतात. पात्याचा ताण कमी झाला किंवा संपर्कबिंदूवर ऑक्साइड चढलं, की थरथर त्या मुदतीच्या पुढे जाते आणि एका दाबाचे दोन क्लिक मोजले जातात. वायरलेस माऊसमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी स्विचमधून अगदी नगण्य प्रवाह सोडलेला असतो. तेवढ्या प्रवाहाने ऑक्साइडचा थर फुटत नाही, म्हणून तिथे हा त्रास लवकर सुरू होऊ शकतो. खोक्यावरचे २ कोटी, ५ कोटी, ८ कोटी क्लिकचे आकडे स्विच बनवणाऱ्याच्या चाचणीतले असतात. त्या चाचणीतला विजेचा भार आणि माऊसमधला भार सारखा नसतो, त्यामुळे त्या आकड्यावरून वर्षांचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स वाढवणं. २ किंवा ४ मिलिसेकंदांवरून ८ किंवा १० केलं तर दुहेरी क्लिक बऱ्याचदा थांबतं. क्लिक नोंदवायला किंचित उशीर होतो, पण तो बहुतेकांना जाणवणार नाही. कायमचा उपाय स्विच बदलणं. माऊसचे स्क्रू बहुधा तळाच्या टेफ्लॉनच्या पट्ट्यांखाली लपवलेले असतात. पट्ट्या काढल्या की वाकतात आणि परत नीट बसत नाहीत, म्हणून नवा संच आधीच मागवून ठेवावा. उघडताना वरचं कवच झटक्याने ओढू नये. वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी चपटी रिबन केबल तिथेच फाटते. बॅटरीचा कनेक्टर पहिल्यांदा काढावा. मग स्विचच्या तीन पायांवरचं जुनं सोल्डर तांब्याच्या जाळीच्या पट्टीने (विकने) शोषून घ्यायचं, नवा स्विच त्याच दिशेने बसवायचा आणि साधारण ३५० अंशांच्या सोल्डरिंग आयर्नने प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंदांत टाका द्यायचा. जास्त वेळ आयर्न टेकवलं तर बोर्डावरचं तांब्याचं वर्तुळच उचकटतं. ओम्रॉन डी२एफसी, कायल जीएम ८.० किंवा टीटीसीचे सोनेरी स्विच एकमेकांच्या जागी बसतात, पण दाब आणि आवाज बदलतो. डावं-उजवं दोन्ही एकदमच बदलावं, नाहीतर दोन बोटांना दोन वेगळे माऊस वापरल्यासारखं वाटतं.

ऑप्टिकल स्विचमध्ये धातूचा संपर्कच नसतो; दाबल्यावर इन्फ्रारेड किरण अडतो किंवा मोकळा होतो. त्यामुळे संपर्कबिंदूच्या थरथरीतून होणारं दुहेरी क्लिक तिथे उद्भवत नाही. माऊससाठी जादा पैसे मोजायचेच असतील तर ते यासाठी मोजावेत. २६,००० किंवा ३०,००० डीपीआयच्या (माऊसच्या संवेदनशीलतेच्या आकड्याच्या) जाहिरातीसाठी मोजू नयेत, कारण खेळणारे बहुतेक जण ४०० ते १६०० च्या पुढे जातच नाहीत. ८००० हर्ट्झ पोलिंगचंही तसंच. १००० हर्ट्झला माऊस दर १ मिलिसेकंदाने खबर देतो, ८००० ला दर ०.१२५ ने. फरक मोजता येतो, हाताला क्वचितच कळतो. बॅटरी मात्र कित्येक पट लवकर उतरते आणि प्रोसेसरवर भार पडतो तो वेगळाच.

चाकाबद्दल एकच गोष्ट. खाली फिरवताना पान मध्येच वर उडी मारत असेल तर एन्कोडरमध्ये धूळ गेलेली असते किंवा त्याचे संपर्क झिजलेले असतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा काही आठवडे काम भागवतो, पुढे तो भाग बदलावाच लागतो. रबरासारखा मऊ लेप असलेला माऊस किंवा हेडसेट शक्यतो टाळावा. घाम आणि दमटपणा यांनी तो लेप रासायनिकदृष्ट्या फुटत जातो आणि शेवटी चिकट होतो. मग कितीही पुसला तरी उपयोग नाही. साधं खरबरीत प्लास्टिक दिसायला गरीब, पण टिकायला दांडगं.

कीबोर्ड हा या संचातला सगळ्यांत भरवशाचा सौदा ठरला. चेरी एमएक्स आणि त्या धाटणीच्या स्विचचं आयुष्य ५ ते १० कोटी दाबांचं सांगितलं जातं. इथे तो भार एका बोटावर न पडता शंभरेक कळांत वाटला जातो, म्हणून हा आकडा माऊसच्या आकड्यापेक्षा वास्तवाला जवळ आहे. झिजतात त्या कळांच्या टोप्या. एबीएस प्लास्टिकच्या टोप्या काही महिन्यांत तेलकट चकाकायला लागतात, खेळात हालचालीसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यू-ए-एस-डी आधी. पीबीटी प्लास्टिकच्या टोप्या बऱ्याच काळ खरबरीत राहतात. अक्षरं दोन रंगांच्या प्लास्टिकची ओतलेली असतील तर पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही. स्पेसबार खडखडत असेल तर दोष स्विचचा नसून स्टॅबिलायझरच्या (लांब कळ समतोल ठेवणाऱ्या भागाच्या) तारेचा असतो; तारेच्या टोकांना घट्ट ग्रीसचा पातळ हात दिला की आवाज बसतो.

सोल्डर न करता स्विच बदलता येणारा, म्हणजे हॉट-स्वॅप बोर्ड असेल तर एक कळ मेली म्हणून सगळा कीबोर्ड टाकावा लागत नाही. फक्त नवा स्विच घालण्याआधी त्याचे दोन्ही पाय सरळ आहेत का ते पाहावं आणि शक्य असल्यास बोर्डाला खालून बोटाचा आधार द्यावा. वाकडा पाय रेटला तर खालचा सॉकेट बोर्डापासून सुटतो आणि मग सोल्डरिंग आलंच.

चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्ट कीबोर्डची सध्या मोठी हवा आहे. संपर्कच नसल्याने झीज कमी, आणि कळ किती खोल गेल्यावर नोंद व्हावी हे ०.१ मिलिमीटरपर्यंत ठरवता येतं. पण नोंद इतकी उथळ ठेवली की नुसत्या बोटाच्या स्पर्शानेही अक्षरं उमटतात. १ ते १.५ मिलिमीटर व्यवहार्य. अधूनमधून कॅलिब्रेशन करावं लागतं. आणि एका सुविधेच्या भरवशावर कीबोर्ड घेऊ नये: उलट दिशांच्या दोन कळांपैकी शेवटची दाबलेली आपोआप ग्राह्य धरणाऱ्या सोयीवर व्हॉल्व या गेम कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंदी घातली. ज्यासाठी पैसे मोजले तेच खेळात चालेनासं झालं.

हेडसेटमध्ये महाग घेण्याचं कारण फारसं सापडत नाही. कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पोपडे निघतातच, कारण घामाने पॉलियुरेथेन सुटत जातं. गाद्या बदलता येतील असंच मॉडेल घ्यावं. कापडी गाद्या जास्त टिकतात, मात्र खर्ज थोडा कमी होतो. वायर कानाच्या कपमध्ये पक्की जोडलेली असेल तर टाळा.

आता लॅपटॉप. नावावर जाऊ नये हे पहिलं. लॅपटॉपमधला एनव्हिडियाचा आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स प्रोसेसर प्रत्यक्षात डेस्कटॉपच्या ४०८० मध्ये असलेल्या एडी१०३ चिपवर बनलेला आहे. त्याला १६ जीबी मेमरी आहे आणि तो जास्तीत जास्त १७५ वॅटवर चालतो. डेस्कटॉपचा ४०९० २४ जीबीचा आणि ४५० वॅटचा. शिवाय एकाच नावाची चिप दोन लॅपटॉपांत निरनिराळ्या वॅटवर बसवलेली असते, म्हणून तपशिलात टीजीपीचा, म्हणजे ग्राफिक्सला मिळणाऱ्या कमाल वॅटचा, आकडा शोधावा. पातळ लॅपटॉपमधली वरची चिप जाड लॅपटॉपमधल्या खालच्या चिपइतकीच पळते, असं सर्रास घडतं.

टिकाऊपणाचा खरा शत्रू उष्णता. खेळताना ग्राफिक्स चिप ८० ते ८७ अंशांवर आणि प्रोसेसर क्षणभर ९५ पर्यंत जाणं या वर्गात नेहमीचं आहे, त्याने घाबरू नये. त्याच खेळात, त्याच खोलीत पूर्वीपेक्षा ८-१० अंश वाढ दिसली किंवा प्रोसेसरच्या कोअरमध्ये (आतल्या स्वतंत्र गणन-भागांमध्ये) एकमेकांपासून १५ अंशांचा फरक पडायला लागला, तर लक्ष द्यावं. चिप रोज तापते-निवते, तिच्यावरची तांब्याची पट्टी किंचित प्रसरण-आकुंचन पावते आणि साधी पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. तिच्या जागी हनीवेलचं पीटीएम७९५० पॅड वापरावं. ते थंड असताना घट्ट असतं, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिपवर पसरतं आणि पेस्टसारखं सहज बाहेर सरकत नाही. कंपनीने द्रव धातू लावलेला असेल तर स्वतः उघडू नये. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि एखादा थेंब बोर्डावर ओघळला तर शॉर्ट ठरलेला.

धूळ साफ करणं मात्र घरी जमतं. लॅपटॉप बंद करा, ॲडॉप्टर काढा, खालचे स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचं कवच फुगतं किंवा फुटतं. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये नमद्यासारखा थर साचलेला असतो. बाहेरून हवा मारून तो निघत नाही, पंखा काढूनच ओढून घ्यावा लागतो. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर पंखा मर्यादेबाहेर फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं.

याशिवाय एक फुकटचा उपाय आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपांत टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा वेग, बंद होतो आणि प्रोसेसर १० ते २० अंशांनी निवतो. ग्राफिक्स चिपच अडसर असलेल्या खेळांत फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) फारशा कमी होत नाहीत.

बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा पहिल्या दिवसापासून लावावी. सतत १०० टक्के चार्ज आणि वर उष्णता, हे बॅटरी फुगण्याचं हमखास निमित्त. टचपॅड दाबायला कडक झालं किंवा खालचं झाकण टेबलावर डुगडुगायला लागलं, तर लॅपटॉप लगेच बंद करून बॅटरी बदलावी. तिला टोचणं किंवा दाबणं धोक्याचं. १०० वॅटच्या यूएसबी-सी चार्जरवर जड गेम खेळला तर प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरते, कारण अशा लॅपटॉपचं मूळ ॲडॉप्टर २४० ते ३३० वॅटचं असतं.

बिजागरीकडे लोक फार उशिरा पाहतात. झाकण धातूचं असलं तरी बिजागरीचे स्क्रू बऱ्याचदा प्लास्टिकच्या खांबात बसवलेल्या पितळी बुशांत आवळलेले असतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो आणि बुश प्लास्टिकसकट उपटून निघतो. मधोमध धरून उघडावं. कडेला फट दिसली किंवा कटकट आवाज आला तर लगेच उघडून स्क्रू तपासावेत. बुश निघाल्यावर इपॉक्सीने केलेली दुरुस्ती फार दिवस धरत नाही.

घेण्याआधी रॅमचे दोन स्लॉट आणि एसएसडीचे दोन एम.२ स्लॉट आहेत का, ते पाहावं. बोर्डावरच सोल्डर केलेली रॅम पुढे वाढवता येत नाही. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा लॅपटॉपपेक्षा कमी मुदतीची असते, तीही वाचून घ्यावी. आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत एकदा तासभर जड गेम चालवून तापमानाची नोंद ठेवावी: कोअरमधला फरक, पंख्याची घरघर, फ्रेम अमर्याद सोडल्यावर येणारी कॉइलची शीळ, काळ्या पडद्यावर कडेने झिरपणारा उजेड. यातलं बहुतेक पहिल्या दिवशीच असतं, आणि मुदत संपल्यावर त्याला दोष न म्हणता "या मॉडेलचा स्वभाव" म्हटलं जातं.