गोल्डविंगला मागे कारचा टायर: ३८ हजार किलोमीटरनंतर

“अहो, प्रत्येक वळणावर तुम्ही कुणाशी भांडताय?” हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर बायकोचा प्रश्न आला, तेव्हा नवा टायर बसवून जेमतेम दोनशे किलोमीटर झाले होते. मागे बसणाऱ्याला चालवणाऱ्याचे खांदे सगळं सांगतात. मी हँडलशी झटापट करत होतो.

गाडी म्हणजे होंडाची गोल्डविंग मोटारसायकल, जीएल १८००. सहा सिलिंडर, १८३२ सीसी, वजन चारशे किलोच्या वर, त्यावर आम्ही दोघं आणि तीन पेट्या भरून सामान. एवढं ओझं ओढताना मागचा टायर मधोमध झिजतो. माझे आधीचे दोन्ही टायर सोळा-सतरा हजार किलोमीटरांत मध्ये सपाट झाले, कडा मात्र नव्याकोऱ्या. लांबचा दौरा ठरवायचा म्हटलं की तारखांच्या आधी टायर मोजायचा, हा परत येईपर्यंत टिकेल का म्हणून. या कटकटीला कंटाळून बरेच गोल्डविंगवाले मागच्या रिमवर सरळ कारचा टायर चढवतात. त्याला आपापसात ‘डार्कसाइड’ म्हणतात, आणि तिकडे गेलेला माणूस परत येत नाही अशी फुशारकीही मारतात. मी गेलो, टायर संपेपर्यंत चालवला, आता सांगतो.

मूळ टायर १८०/६० आर १६. मी घेतला १९५/५५ आर १६, रन-फ्लॅट (हवा गेली तरी जाड बाजूंवर काही अंतर चालणारा), मिनी कूपरसारख्या छोट्या कारला येतो तो. मूळ टायरचा व्यास हिशेबाने ६२२ मिलिमीटर येतो, याचा ६२१. म्हणजे चाकाचा घेर जवळपास तोच, एबीएस आणि स्पीडोमीटर दोघंही खूश. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळचा ७४, म्हणजे ३७५ किलो. याचा ८७, म्हणजे ५४५. कागदावर कारचा टायर आरामात जिंकतो. मात्र टायर बनवणारे स्वच्छ शब्दांत सांगतात की बाइकच्या रिमवर कारचा टायर चढवू नका. बाइकच्या रिमची कड आणि कारच्या टायरचा बीड (रिमला घट्ट धरणारी टायरची आतली कड) एकमेकांसाठी घडवलेले नसतात, आणि झुकणाऱ्या गाडीवर हा टायर कुणी तपासलेला नसतो. हे सगळं वाचून-समजूनच मी हा उद्योग केला, त्यामुळे शहाणपणाचा आव आणत नाही. विमा आणि कायदा ज्याचा त्याने आधी बघावा.

बसवण्याचीच एक कथा. दोन टायरवाल्यांनी हात जोडले. तिसरा म्हणाला, “साहेब, चाक सुटं आणा, टायर चढवून देतो. गाडीला तुमचं तुम्ही लावा, मी काही बघितलं नाही.” गोल्डविंगचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, एकाच बाजूला असतो आणि मागचं चाक कारसारखं पाच नटांवर, त्यामुळे ते काढणं अवघड नाही. अवघड होतं बीड बसवणं. हवेचा दाब पस्तीस पीएसआयला पोचला तेव्हा एक बाजू ठक् करून बसली. दुसरी अर्ध्या घेरात अडून राहिली. काटा चाळीसला टेकला आणि त्याने हवा बंद केली. टायरवरच छापलेलं असतं की बीड बसवताना चाळीसच्या वर जाऊ नका, कारण त्यापुढे बीड फाटला तर माणूस जायबंदी होतो. पूर्ण हवा सोडली, कडेला पुन्हा साबणाचं पाणी फासलं, टायर थोडा फिरवून घेतला. दुसऱ्या खेपेला अडतीसला बसला. त्या दोन ठक् आवाजांच्या मधली दहा मिनिटं मला अख्ख्या ३८ हजार किलोमीटरपेक्षा लांब वाटली.

आता मुख्य मुद्दा, चालतो कसा. बाइकच्या टायरचा माथा गोल असतो, गाडी झुकली की तो त्या गोलाईवरून गडगडत जातो. कारच्या टायरचा माथा सपाट. गाडी डावीकडे झुकवली की सगळा भार त्याच्या डाव्या कडेवर येतो, आणि ती कड खालून गाडीला परत उभी करायला ढकलते. म्हणून वळणभर आतल्या बाजूचं हँडल दाबून धरावं लागतं. बाइकचा टायर एकदा झुकवला की वळणात निवांत बसतो. हा नाही बसत, हात सैल सोडला की गाडी उभी राहून बाहेरच्या बाजूला निघते. बायकोला दिसलं ते भांडण हेच. हजारभर किलोमीटरनंतर हाताला सवय झाली आणि ते मला जाणवेनासं झालं. एकामागून एक वळणांच्या घाटात मात्र तासाभराने मनगटं आणि खांदे बोलू लागायचे.

हवेचा खेळ मी महिनाभर केला. मूळ टायरला एकेचाळीस पीएसआय लागतं, तेवढी भरली तर हा दगड होतो आणि वळणात आणखी हट्टी. अठ्ठावीसला वळणं मऊ झाली, पण सामान लादल्यावर मागून गाडी डुलते आणि टायर हाताला चांगलाच गरम लागतो. माझं बस्तान बत्तीसला बसलं. रन-फ्लॅटची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मुळात जाड असते म्हणून एवढ्या कमी हवेत भागलं. साधा टायर असेल तर हा आकडा उचलू नका.

एका जागी मात्र सवयीचा काही उपयोग नाही. पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना रस्त्याची कड तिरकी असते ना, तिथे. चालण्याचा वेग, हँडल वळलेलं, आणि सपाट टायरची एक कड आधी उंचवट्यावर चढते. चढली की गाडी उताराच्या बाजूला ढकलली जाते, ती ढकल गोल टायरमध्ये येतच नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी पाय टेकवला आणि चारशे किलो गाडी मांडीवर तोलून धरली. बायको आधीच उतरलेली होती, हे नशीब. तेव्हापासून अशी कड मी काटकोनातच ओलांडतो, मग पंपावरच्या लोकांना ते कितीही विचित्र दिसो. चाकोऱ्या पडलेल्या डांबरावरही मागचं चाक आपल्या मनाने चाकोरी धरतं. सरळ, चांगल्या रस्त्यावर मात्र गाडी रुळावर असल्यासारखी जाते. आडवा वारा सुटला तरी मागची बाजू ढिम्म.

पावसाबद्दल लोक फार छातीठोक बोलतात, मी तेवढं बोलणार नाही. पाणी बाहेर टाकायला खाचा भरपूर आहेत आणि सरळ रेषेत ब्रेक मारल्यावर मागचं चाक पूर्वीपेक्षा उशिरा घसरतं, हे मला जाणवलं. पण गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा टायरच करतो, आणि पुढे बाइकचाच टायर आहे. शिवाय रुंद, सपाट टायर कमी हवेत साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू शकतो. डबकं दिसलं की मी वेग आधीसारखाच कमी करत होतो.

रन-फ्लॅटचा पैसा एकदा वसूल झाला. वॉल्व्हवर लावलेला सेन्सर कोकलायला लागला, बघतो तर नऊ पीएसआय. गाडीला मागे काहीच जाणवत नव्हतं, टायर बघूनही कळलं नसतं. असा टायर घालायचा तर सेन्सर हवाच, तो याचसाठी. हळूहळू सरळ रस्त्याने पुढच्या गावापर्यंत गेलो, खिळा निघाला. रन-फ्लॅट रिकाम्या टायरवरही काही अंतर नेतो म्हणतात ते कारच्या चार चाकांसाठी आहे, बाइकवर त्या भरवशावर मी वळण घेणार नाही.

झीज: ३८ हजारांना खाचांत दोन मिलिमीटर उरले, सगळीकडे सारखे. मधल्या भागात सपाटी नाही, कारण टायर आधीपासूनच सपाट! एवढ्यात बाइकचे दोन टायर संपून तिसरा सुरू झाला असता. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या खिळ्याचा. नवख्या रायडरला, हलक्या गाडीला, किंवा वळणांसाठीच बाहेर पडणाऱ्याला शून्य.

हा संपल्यावर मागे मी पुन्हा बाइकचाच टायर घातला. बसवून निघालो आणि पहिल्याच वळणात गाडी गरजेपेक्षा जास्त झुकली, कारण हात अजून जुन्या जोरानेच हँडल दाबत होता. दोन दिवस हेच चाललं. आत्ताचा बेत डोंगरांचा आहे, तिथे हाच बरा. सपाटीच्या लांब दौऱ्यासाठी मात्र एक जादा रिम मिळवून ठेवली आहे. तिच्यावर टायर अजून चढवलेला नाही.