हॉटेलचं वाय-फाय: लॉबी जोमात, खोली कोमात

‘सर्व खोल्यांत मोफत वाय-फाय’ या ओळीवर भरवसा ठेवून बुकिंग करू नये. हॉटेलने कुठेतरी राऊटर लावलाय, एवढंच तिच्यातून कळतं. प्रवाशाला मात्र चेक-इन, नकाशा, गाडी बोलावणं, घरी व्हिडिओ कॉल आणि ऑफिसची मीटिंग हे सगळं त्याच जोडणीवर उरकायचं असतं. परदेशात रोमिंग बंद ठेवलं असेल तर दुसरा आधारही नसतो.

हॉटेलच्या वाय-फायला गुण द्यायचे झाले तर सर्वात जास्त कापले जातात ते खोलीतल्या सिग्नलवर. हॉटेलची लाइन सहसा बरी असते, चुकते ती ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणाऱ्या डबीची, जागा. पैसे वाचवायला तो कॉरिडॉरच्या छताला बसवतात. दाराला लागून बाथरूम, म्हणजे सिग्नलला टाइल्स, पाण्याचे पाइप आणि भलामोठा आरसा ओलांडून पलंगापर्यंत पोहोचायचं असतं. आरशामागचा धातूचा थर लहरी परतवतो. वाय-फायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी वेगवान असा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींत लवकर दम टाकतो, मग फोन २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो, आणि तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल (लहरींच्या वाटा) तीनच: १, ६ आणि ११. शेजारपाजारच्या सगळ्या खोल्या त्यातच भांडत असतात.

अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर (सिग्नल मोजणारं ॲप) टाकून, दार लावून, पलंगाजवळ मोजा. उणे ६७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून बरा (म्हणजे उणे ६०, ५५) आकडा असेल तर कॉल निभतो. उणे ७५ च्या खाली गेलं तर तक्रारीत वेळ घालवू नका, सामान उघडायच्या आत खोली बदलून मागा.

वेगाच्या बाबतीत डाउनलोडच्या आकड्याला भुलू नये. एचडी व्हिडिओ कॉलला डाउनलोड आणि अपलोड दोन्हीकडे ३ ते ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरतात. अडतं ते अपलोडवर. आणि दुपारी केलेली चाचणी बिनकामाची. रात्री जेवणानंतर, सगळे पाहुणे व्हिडिओ लावून बसतात तेव्हा मोजा. त्या वेळी वेग ठीक दिसूनही आवाज तुटत असेल, तर हॉटेलच्या राऊटरमध्ये पॅकेट्सची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग लागतेय. त्यावर पाहुण्याच्या हातात उपाय नाही.

वाय-फायला जोडल्यावर खोली क्रमांक किंवा पासवर्ड मागणारं लॉगिन पान हा दुसरा ताप. ते उघडत नसेल तर आधी व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली वाहतूक झाकून नेणारी सेवा) बंद करा, मग अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ (साइटचे पत्ते शोधायची सेटिंग) ऑटोमॅटिकवर आणा. तरीही जमलं नाही तर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस नसलेली, म्हणजे कुलूपबंद नसलेली, साइट उघडा. नेव्हरएसएसएल ही त्यासाठीच बनवलेली आहे. हॉटेलची यंत्रणा सुरक्षित साइटवरून लॉगिन पानाकडे वळवायला गेली की ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देऊन थांबतो, म्हणून ही वाकडी वाट. लॉगिन झालं की व्हीपीएन पुन्हा चालू करा.

‘डिव्हाइसची मर्यादा संपली’ असा संदेश एकच फोन असताना आला, तर दोष बहुधा बदलत्या मॅक पत्त्याचा, म्हणजे नेटवर्कवर फोनची ओळख सांगणाऱ्या क्रमांकाचा. आताचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवतात. लॉबीच्या आणि मजल्याच्या वाय-फायचं नाव वेगळं असेल, तर हॉटेलची यंत्रणा एकाच फोनला दोन उपकरणं समजते. खोलीचं एकच नेटवर्क वापरा आणि त्यापुरता ‘रँडम मॅक’ बंद ठेवा. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकता येत नाही ही तक्रारही नेहमीची, पण त्याचे गुण कापू नयेत. पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून तोडून ठेवणं हे चांगल्या हॉटेलचं लक्षण आहे.

वारंवार फिरणाऱ्यांनी छोटा ट्रॅव्हल राऊटर (स्वतःचं वाय-फाय तयार करणारी खिशात मावणारी डबी) आणि दीड-दोन मीटरची लॅन केबल बाळगावी. टेबलामागे लॅनचं सॉकेट असेल तर केबल थेट राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या खाचेत) लावा, वाय-फायची निम्मी दुखणी तिथेच संपतात. सॉकेट नसेल तर राऊटर रिपीटर मोडमध्ये (हॉटेलचं वाय-फाय घेऊन पुढे देणाऱ्या) टाका, हॉटेलचं नेटवर्क निवडा आणि त्याला जोडलेल्या फोनवरून एकदाच लॉगिन करा. मग घरच्या सगळ्यांची उपकरणं हॉटेलला एकच दिसतात. लॉगिन पान येत नसेल तर राऊटरमधलं ‘डीएनएस रिबाइंडिंग’ संरक्षण तेवढ्यापुरतं बंद करा, कारण ते त्या पानाला अडवू शकतं. एकच रेडिओ असलेला स्वस्त राऊटर मात्र घेऊ नका, रिपीटर म्हणून तो वेग साधारण निम्मा करतो.

स्वतःचा हॉटस्पॉट हा शेवटचा पर्याय, आणि तो रोखायचा हक्क हॉटेललाही असतोच असं नाही: पाहुण्यांचे हॉटस्पॉट तोडल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या एफसीसीने (दूरसंचार नियामक) २०१४ मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीला ६ लाख डॉलर भरायला लावले होते.

राहिला पैसे मोजून मिळणारा ‘प्रीमियम’ वेग. त्यात बहुधा प्रत्येक उपकरणावरची मर्यादा तेवढी वाढते, भिंत पातळ होत नाही. सिग्नल चांगला आहे आणि वेग दर वेळी नेमका एकाच आकड्यावर, समजा ५ एमबीपीएसवर, अडकतोय असं दिसलं तरच तो घ्यावा. आकडा खाली-वर नाचत असेल तर ते पैसे वाया गेले.